आईचा हात
आज आईला नागपूरच्या धंतोलीत नसांच्या तपासणीला नेलं. महिनाभर रात्री हात झटकत उठते, पोळ्या करताना लाटणं सुटतं. मनगटावर बारीक करंट बसला तशी दचकली, "काऊन बाप्पा, मीटरले जोडता का मले?"

कार्पल टनेल निघालं. मनगटात दबणारी मीडियन नस अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत पोचते, म्हणून करंगळी शाबूत. (आम्ही मात्र मानेलाच तेल चोळत होतो!)

रिपोर्टची वाट पाहताना वाचलं: 2021 मध्ये जपानी संशोधकांनी हाच त्रास हेरायला अंगठ्याने खेळायचा मोबाइल गेम केला. निरोगी अंगठ्याची हालचाल मशीन लर्निंगला शिकवली. त्याहून वेगळी दिसली की ते शंका घेतं. निदान नव्हे, कोणाला तपासायचं याची चाळणी. आईला सांगितलं तर म्हणते, "तू तं दिवसभर तेच करतं, तुयं काय निघालं?"