मधुबनी स्टेशनची चित्रं मोबाईलवर काढायला जाताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी सांगतो, रीलमध्ये दिसतं ते बिहारमधलं मधुबनी स्टेशन डोक्यात धरून जाऊ नका. रीलमध्ये भिंती लखलखीत आणि समोर चिटपाखरू नाही. प्रत्यक्षात चित्रासमोर बाकडं, बाकड्यावर माणसं, माणसांच्या पायाशी पोती, आणि कमरेखालचं चित्र लोकांनी पाठी टेकून टेकून घासलेलं, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेतच. "पूर्ण दिवस ठेवा" असं ज्यांनी व्हिडिओत सांगितलंय त्यांनी बहुतेक खिडकीतूनच स्टेशन पाहिलं असणार. एक सकाळ पुरते. तरीपण जा असंच म्हणेन.

ऑक्टोबर २०१७ मध्ये दीड-दोनशे स्थानिक कलाकारांनी, त्यात बायका जास्त, मोबदला न घेता सात हजार चौरस फुटांच्या आसपास भिंती रंगवल्या. राम-सीता, कृष्ण, मैथिली कवी विद्यापती, गावातलं रोजचं जगणं, सगळं आहे. पुढच्या वर्षी रेल्वेच्या स्टेशन सजावट स्पर्धेत मदुराईबरोबर दुसरा नंबर आला. पहिला आपल्या बल्लारशा-चंद्रपूरचा होता, त्यामुळे विदर्भवाल्यांनो आधी घरचं बघून घ्या. आणि आपला अजून एक धागा आहे इथे, १९६६ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी इथल्या बायकांना कागद देऊन चित्रं काढून घ्यायला ज्यांना पाठवलं ते चित्रकार भास्कर कुलकर्णी मराठीच. तोवर ही चित्रं घराच्या भिंतींवरच असायची. वारलीच्या जिव्या सोमा मशेंना पुढे आणण्यातही त्यांचा हात होता. स्टेशनवर हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

आता खरी डोकेदुखी, तिकीटघराचा हॉल. रंग ऑइलपेंटसारखा चकचकीत, वर ट्यूबलाइट, म्हणजे समोर उभं राहिलात की सीतेच्या तोंडावर पांढरा पट्टा. डावीकडे सरका, पट्टा रामाच्या तोंडावर. मागे जावं तर तिकिटाची रांग. मग सगळे करतात तेच, अल्ट्रावाइड लावतात, आणि तिथेच वाट लागते कारण मिथिला (म्हणजेच मधुबनी) चित्राला दुहेरी रेघांची चौकट असते आणि ती लगेच केळ्यासारखी वाकलेली दिसते, घरी जाऊन कितीही सरळ करा, कडेची माणसं जाडीच राहतात. अल्ट्रावाइडला हात लावू नका. पॅनोरमाही नको, चालत चालत घेतलं की रेघा तुटतात. मेन कॅमेरा, ग्रिड चालू, फोन भिंतीला समांतर, आणि चित्राचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून काढा, घरी जोडा. चकाकी हटतच नसेल तर थोडं तिरकं उभं राहून काढा आणि नंतर ॲपमध्ये सरळ करा, वाइडच्या वाकड्या रेघांपेक्षा हे हजारपट बरं. फ्लॅश लावणाऱ्याला नमस्कार.

दुसरी भानगड, फोटोवर आडवे काळे पट्टे. हे लाइटच्या लुकलुकण्याने येतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, गेले तर गेले. एआयवाला सीन मोड आणि नाइट मोड दोन्ही बंद. भरनी शैलीत सपाट रंग भरलेला असतो, तिथे फोन फार बिघडवत नाही, पण कचनी म्हणजे नुसत्या बारीक रेघांचं काम, ते नाइट मोड पुसून चिखल करतो, वर लाल रंग असा भडकवतो की कोहबरातलं (नवदांपत्याच्या खोलीतल्या चित्रातलं) कमळ आहे की टोमॅटो कळत नाही. स्क्रीनवर चित्रातल्या डोळ्यावर बोट ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग थोडं अंधारं करा.

प्लॅटफॉर्मवर त्यापेक्षा खूप सोपं आहे. उजाडताना, गाडी गेल्यावर लगेच, तेव्हा माणसं पांगलेली असतात. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, दोन तास चालतं. ट्रायपॉड काढू नका, लगेच चौकशी होते, आमच्याकडे आरपीएफचा जवान आला, तिकीट आणि गॅलरी दाखवली, गेला. समोरून पूर्ण भिंत मिळावी म्हणून रुळावर उतरायचा मोह होईल. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि फोटोही काही खास येत नाही.

केव्हा जावं? फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा उजेड फोटोला झकास असतो, चकाकीच नाही, पण गाड्या तासन् तास लेट. छठच्या आसपास अजिबात नको, डब्यात पाय ठेवायला जागा नसते. स्टेशन अमृत भारत या नूतनीकरणाच्या योजनेत आहे, तेव्हा जुन्या फोटोंवरून कुठली भिंत घ्यायची याची यादी करून जाऊ नका, कामात काय झाकलं जाईल ते जाऊनच कळणार.

मुंबईहून एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस)-जयनगर पवन एक्स्प्रेस थेट जाते, दीड दिवसाच्या वर. नाहीतर विमानाने दरभंगा आणि पुढे गाडीने. प्रवास छान झाला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखा तो ई-रिक्षावाला. स्टेशनबाहेर कॅमेऱ्याचा पट्टा दिसला की चित्रकारांच्या जितवारपूर गावाचे ४०० सांगतात, "वहाँ सब बंद है, मैं दुकान ले चलता हूँ" हे वर. बंद वगैरे काही नव्हतं. गाव जवळच आहे, शेअरमध्ये बसा, काही अंतर चालून रिक्षा धरली की भाव आपोआप उतरतो. त्याच्या दुकानात छापील चित्रं हाताने काढलेली म्हणून विकत होते, भिंग नको, फोनचं झूम पुरतं, छपाईचे ठिपके दिसतात. जितवारपूर म्हणजे जगदंबा देवी, सीता देवी, बौआ देवी या नावाजलेल्या चित्रकारांचं गाव, घराच्या ओसरीवर बायका काढत बसलेल्या असतात, विचारून फोटो काढा, एखादं छोटं चित्र घ्या, मागे सही करून देतात. तिथे घासाघीस करू नका, ती रिक्षावाल्याशी करा. आणि परतीचं रिझर्वेशन निघायच्या आधीच काढा, तिथे पोचून तत्काळ मारू म्हणणारे आमच्यासोबत दरभंग्यापर्यंत दारात उभे होते.