खलबत्ता आणि बोरं

सकाळी साडेसहाला वरच्या काकूंचा खलबत्ता सुरू होतो. लसूण, सुकं खोबरं, तिखट. हा आवाज कानापेक्षा उशीतूनच जास्त येतो. ओट्यातून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून भिंतीत, भिंतीतून पलंगात. कानात कापूस घालून काही होत नाही. कपाटातल्या बश्यासुद्धा किणकिणतात.

घन वस्तूतून पळणारी ही थरथर अडवायची एक युक्ती मला कळली, ती रबरबँडला कुलूप लटकवून. हात सावकाश वर-खाली केला की कुलूप निमूट बरोबर येतं. जरा वेग वाढवला की पिसाळल्यासारखं उड्या मारतं. आणखी वाढवा, मग गंमत. हात वर, तर कुलूप खाली! अगदी उलट ओढतं. (घरच्यांनी 'कुलूप कुठंय' म्हणून हाका मारेपर्यंत मी हेच करत होतो.)

2000 साली हाँगकाँगच्या संशोधकांनी हे उलटं ओढणं ठोकळ्यात भरलं. 1 सेंटिमीटरची शिशाची गोळी, तिच्यावर अडीच मिलिमीटर सिलिकॉन रबराचा थर, आणि अशा गोळ्या इपॉक्सी नावाच्या कडक राळेत ओळीने बसवलेल्या. आत आठळी, वर मऊ गर, म्हणजे थेट बोरच की. चिक्कीत बोरं बसवावीत तसा ठोकळा. सेकंदाला 400च्या आसपास कंपनांची लाट आली की आठळ्या उलट झुलतात आणि लाट तिथेच थिजते. लाटेची लांबी बोरांमधल्या अंतराच्या शंभरेक पट, तरीही!

2012 साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ जमिनीत 5 मीटर खोल भोकांच्या रांगा पाडून सेकंदाला 50 कंपनांची (50 हर्ट्झ) थरथर बरीचशी परतवली. तिथे बोरं नव्हती, नुसती भोकं. भूकंपाच्या घातक लाटा याहून पुष्कळ संथ असतात, त्यामुळे लगेच हुरळून जाऊ नये, असं आपलं माझं मत.

रविवारी मी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून वर गेलो. "काकू, खलाखाली एवढं ठेवून बघता का?"

त्यांनी चार घाव घातले. "अरे, डुगडुगतोय हा. घाव बसत नाही."

खरंच होतं त्यांचं. चुंबळ धक्का गिळते, पण खलाला बूड टेकवू देत नाही. बोरांचा ठोकळा बाहेरून टणक तो टणकच. तसा ओटा मिळेपर्यंत खलबत्ता पुन्हा कडाप्प्यावर आहे आणि चुंबळ काकूंच्या माठाखाली.