आईचा शाकाहार आणि तैपेईची जेली

तैपेईचं ठरलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "मी तिथे खाऊ काय?" जेली म्हटलं की तिला जिलेटिन आठवतं, म्हणजे हाडं-कातडं. प्रत्यक्षात चार दिवसांत तिने सगळ्यात जास्त खाल्ली ती जेलीच.

ही जेली आययूची. वड-उंबराच्या गोतातली ही वेल तैवानच्या डोंगरांत वाढते. फळाची आतली बाजू बाहेर उलटवून ते वाळवतात आणि आतलं बी काढून घेतात. तैपेईतल्या निंगशिया रात्रबाजारात एक बाई या बियांची पुरचुंडी फडक्यात बांधून गार पाण्यात चोळत होत्या, आपण नारळाचं दूध काढतो तशीच. पाणी आधी बुळबुळीत झालं, मग फिकट पिवळं. शेगडी नाही, साखर नाही. बियांतलं पेक्टिन हे चिकट द्रव्य पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतं आणि जेली आपोआप धरते. म्हणून कॅल्शियम नसलेल्या डिस्टिल्ड पाण्यात ती होतच नाही. आई तिथून हलेना. वर लिंबू, साखरेचं पाणी आणि बर्फ. जेलीला स्वतःची चव फारशी नाही, पण उन्हातून आल्यावर घशाला जो गारवा मिळतो तो सब्जाच्या सरबताची आठवण करून देतो.

काळी ग्रास जेली तुळशीच्या कुळातल्या झाडपाल्याच्या काढ्यापासून करतात. ती किंचित कडवट लागते. मला आवडली, आईला नाही. कोहळ्याचं गोड पेय मात्र दोघींनाही आवडलं. कोहळा साखरेत खूप वेळ आटवतात, त्याला काकवीसारखा वास येतो. आययू घातलेलं मिळालं तर तेच घ्या.

तैपेईजवळच्या जिऊफेन या डोंगरावरच्या गावाला एक पूर्ण दिवस द्या. तैपेईहून रेल्वेने रुईफांग, तिथून बस. पाऊस तिथे कधीही येतो, छत्री हवीच. तिथे शेंगदाण्याच्या चिक्कीचा मोठा ठोकळा सुताराच्या रंध्याने तासतात, तो भुगा पातळ पोळीवर पसरतात, वर आइस्क्रीमचे गोळे, त्यावर कोथिंबीर, आणि गुंडाळी करून हातात देतात. कोथिंबिरीला नको म्हणू नका, सगळी मजा तिच्यातच आहे.

जाणाऱ्यांसाठी मुद्द्याचं सांगते. आययू आणि ग्रास जेली निर्धास्त खा, पण पुडिंग नि मूस विचारल्याशिवाय घेऊ नका. एका दुकानात आम्ही न विचारता पुडिंग घेतलं, त्यात जिलेटिन निघालं आणि आई रात्रभर अस्वस्थ होती. शाकाहाराला तिकडे 'सू' (素) म्हणतात. ते अक्षर फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. बऱ्याच शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर उलट्या दिशेचं स्वस्तिक असतं, ते लांबूनही ओळखू येतं.

पेयं घेताना साखर किती ते सांगावं लागतं. 'पान-थांग' म्हणजे अर्धी, 'वेइ-थांग' त्याहून कमी. आपल्या जिभेलाही वेइ-थांग पुरते. पपई घातलेलं दूध हातात आलं की लगेच प्या, ठेवलं तर कडू होतं.

शिलिन रात्रबाजाराला जाताना मेट्रोच्या शिलिन स्थानकावर उतरू नका, जिआनतान जवळ पडतं. आणि पेला रिकामा करूनच मेट्रोत शिरा. आत खाणंपिणं बंद आहे, पाण्याचा घोटसुद्धा, आणि दंड 1,500 तैवानी डॉलरपासून सुरू होतो. आम्ही जिआनतानच्या दाराशी उभं राहून शेवटची आययू संपवली, मगच आत गेलो.