मानेवरचा मळ, जो मळ नव्हताच

लेकाच्या मानेवरचा काळेपणा मी वर्षभर मळ समजून घासत होते. तो कळवळायचा, मी आणखी घासायचे. बालरोगतज्ज्ञांनी पाहताच सांगितलं, हा मळ नाही. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की इन्सुलिन रक्तात वाढतं आणि कातडी अशी जाड, काळी पडते. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. उपाशीपोटीची साखर १०४, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तेही वाढलेलं.

मला वाटलं, आता खाणं तोडायला सांगतील. त्यांनी त्याच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. आकडा चांगला आला, तो खुलला. मग डॉक्टरांनी त्या आकड्याला त्याच्या वजनाने भागलं, आणि तो बराच खाली आला. लठ्ठ मुलांची ताकद एरवी बरोबरीच्यांपेक्षा कमी नसते, पण स्वतःचंच शरीर उचलायची वेळ आली की ती पुरत नाही. पळताना तो मागे पडायचा, तेव्हा मी त्याला आळशी म्हणायचे. ते शब्द अजून टोचतात.

जेवणानंतर रक्तातली साखर सर्वात जास्त ओढून घेतात ते स्नायू. आणि काम करणारा स्नायू तर इन्सुलिनची वाट न बघताच साखर आत घेतो. हे कळल्यावर मी वजनकाटा कपाटात टाकला. रोज तासभर खेळ, आणि आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीवरून उठबस, रबरी पट्टा ओढणं, भिंतीला हात टेकून जोर. ‘उंची खुंटेल गं त्याची,’ सासूबाई म्हणाल्या. नीट शिकवलेल्या व्यायामाने तसं होत नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. तो रोज आरशात दंड बघून हिरमुसायचा. या वयात आधी मज्जातंतू शिकतात, दंड नंतर भरतो, हे त्याला कितीदा समजावलं असेल!

पट्टा ओढण्यात मात्र गटातल्या सगळ्या मुलांत तो पुढे होता. पहिल्यांदाच कुठल्यातरी खेळात.

चार महिन्यांनी दवाखान्यात वजन केलं, तर किलोभर वाढलेलं. मी रडले. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला : साखर ९३, ट्रायग्लिसराइड उतरलेलं, कंबरही कमी, उंची वाढलेली. मान अजून पूर्ण उजळलेली नाही. मी घासणं सोडलंय.

काल त्याने जमिनीवर पहिला पूर्ण जोर काढला. दुसरा अर्ध्यावर राहिला, तर म्हणाला, ‘आई, थांब, मोजू नकोस अजून.’