तिसऱ्या पक्षाने चाळीस जागा लढवू नयेत

गोव्याची २०२७ ची विधानसभा निवडणूक तोंडावर आली की लहान पक्षांचे नेते पत्रकार परिषदेत एक वाक्य हमखास बोलतात: 'आम्ही चाळीसही मतदारसंघांत उमेदवार देणार.' टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. माझा मात्र जीव खालीवर होतो. कारण गोव्याला तिसरा पक्ष हवा असं मला मनापासून वाटतं. नगरनियोजन कायद्यात जमिनीचा वापर बदलू देणारं आधी १७(२) हे कलम आलं, मग ३९अ आलं, आणि डोंगरउतार नि शेतं नकाशात बघता बघता वस्तीच्या रंगात रंगवली जाऊ लागली. यावर सभागृहात कोणाचीही भीड न ठेवता बोलणारी माणसं मूठभर. ती वाढायला हवीत. चाळीस जागा लढवून ती वाढणार नाहीत.

२०२२ चा निकाल बघा. भाजपला ३३ टक्के मतं आणि २० जागा. काँग्रेसला २३ टक्के आणि ११. म्हणजे शंभरातल्या त्रेचाळीस मतदारांनी या दोघांनाही मत दिलं नाही, आणि त्यांच्या वाट्याला आमदार आले नऊ, त्यातले तीन अपक्ष. रिव्होल्युशनरी गोवन्सला नऊ टक्क्यांवर मतं पडली, आमदार एक. आम आदमी पक्षाला सात टक्क्यांच्या आतच, पण आमदार दोन. तृणमूलने एवढा गाजावाजा केला, पाच टक्के मतंही घेतली, हाती काहीच नाही. मतं किती पडली यापेक्षा ती कुठे पडली, याला आपल्या पद्धतीत किंमत आहे. जो पहिला तो आमदार, बाकीच्यांची मतं मोजून बाजूला ठेवली जातात.

दोन पक्षांमध्ये तिसरा कसा शिरतो, याचा धडा शिकायला आपल्याला लांब जायला नको. गोव्यातच हे दोनदा घडलंय.

१९६३ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा सगळा गोवा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक, महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारा) आणि युगो (युनायटेड गोवन्स, विलीनीकरणाला विरोध करणारा) या पक्षांत वाटलेला. एका बाजूला भाऊसाहेब बांदोडकर, दुसऱ्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा. दिल्लीत नेहरू पंतप्रधान, गोवा त्यांच्याच काळात मुक्त झालेला, तरी काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. १९७२ पर्यंत तिची स्थिती जवळपास तशीच होती. आणि १९७७ मध्ये एकदम दहा जागा, १९८० मध्ये वीस! त्या वेळी ती अर्स काँग्रेस होती, पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये मिसळली. या मधल्या काळात काय झालं? १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल झाला, ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारलं गेलं, आणि युगोचं मुख्य कामच संपलं. पक्ष फुटत गेला, एक गट काँग्रेसमध्ये गेला, मतदारही हळूहळू तिकडे सरकले. मगो आणि युगो यांच्या मधोमध काँग्रेसला जागा सापडली नव्हती. ती युगोच्या घरात राहायला गेली.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली म्हणावी इतकी जवळची. आमचं गाव फोंडा तालुक्यात, मतदारसंघ मडकई. भाऊसाहेबांचा मतदारसंघ. आमचे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारे मुंडकार. १९६४ चा कूळ कायदा आणि मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातला १९७५ चा मुंडकार कायदा यांनी आमच्यासारख्या घरांना काय दिलं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. घराखालची जमीन आपली होणं म्हणजे उद्या कोणी 'ऊठ' म्हणणार नाही, एवढी ती साधी गोष्ट. त्यामुळे मत सिंहाला, म्हणजे मगोच्या चिन्हाला. त्यावर घरात चर्चा होत नसे.

१९८९ ला, घटकराज्य झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत, काँग्रेस २० आणि मगो १८ अशी घासाघीस झाली. दोन पक्षांची पद्धत याहून चोख कुठे बघायला मिळणार? आणि तिथूनच मगो फुटायला लागला. आमदार निघून गेले. मगोच्या तिकिटावर आलेले रवी नाईक १९९१ मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. १९९४ ला मगोने भाजपशी युती केली. मडकई भाजपला सुटली आणि श्रीपाद नाईक उभे राहिले.

तेव्हा कागदाची मतपत्रिका होती. माझे वडील सकाळीच शाळेतल्या केंद्रावर जाऊन आले आणि बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून आईला म्हणाले, "शींव नासलो. कमळार शिक्को मारलो." मतपत्रिकेवर सिंहच नव्हता! ज्या माणसाने जन्मभर एकाच चिन्हावर शिक्का मारला, त्याच्यापुढे त्याच्याच पक्षाने दुसरं चिन्ह ठेवलं आणि हे आपलंच म्हणून सांगितलं. एकदा हात तिकडे वळला. पुढच्या वेळी, १९९९ मध्ये, दोन्ही पक्ष वेगळे लढले. तेव्हा अख्ख्या राज्यात मतदान यंत्रं आली होती, बटणावर दोन्ही चिन्हं होती, आणि आमच्या वाड्यावरची निम्मी घरं कमळाला गेली होती. मडकईत मगोने सुदिन ढवळीकरांच्या रूपाने जागा परत मिळवली आणि आजवर टिकवली, पण राज्यात हिशेब उलटला होता. १९९४ ला मगो १२, भाजप ४. १९९९ ला भाजप १०, मगो ४. २००२ ला भाजप १७, मगो २. १९९४ च्या भाजपच्या त्या चार आमदारांत पणजीचे मनोहर पर्रीकरही होते आणि २००० च्या ऑक्टोबरात ते मुख्यमंत्री झाले. सहा वर्षं लागली.

मला यातून एवढं दिसतं की तिसरा पक्ष दोघांच्याही मतांतून थोडं थोडं घेऊन मोठा होत नाही. दोघांतला जो आतून पोकळ झालाय, त्याची जागा तो घेतो, आणि तीही एकेका मतदारसंघात. आज पोकळ कोण झालंय ते सांगायला नको. २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ च्या सप्टेंबरात अकरातले आठ. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातला मतदार हे बघत होता. 'आप'चे दोन्ही आमदार, बाणावली आणि वेळ्ळीचे, सासष्टीतलेच आहेत हा योगायोग नव्हे. बाणावलीत तर २०२० च्या डिसेंबरात त्यांनी आधी जिल्हा पंचायतीची जागा घेतली होती. पंचायत निवडणूक आपल्याकडे चिन्हावर होत नाही, जिल्हा पंचायतीची होते. तिथे लोकांना एकदा डोळ्यांनी दिसावं लागतं की हे चिन्ह निवडून येऊ शकतं.

कारण खरा अडसर तोच आहे. गेल्या विधानसभेला मी एका लहान पक्षाचा पोलिंग एजंट होतो. प्रचारात दारोदार फिरताना लोक बसवून घेत, चहा देत, आणि सांगत, "मनीस बरो, पूण मत फुकट वतलें." त्यांना पक्ष नको होता असं नाही. हा उमेदवार तिसरा येणार आणि आपल्याला नको असलेला पहिला येणार, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

मतदानाच्या दिवशी तर फरक डोळ्यांत खुपला. दोन्ही मोठ्या पक्षांची पोरं केंद्राबाहेर मतदारयादी घेऊन बसलेली. आतून चिठ्ठी येई, नावं खोडली जात, आणि दुपारी तीनला त्यांना ठाऊक होतं की कुठल्या घरातली म्हातारी अजून आलेली नाही. गाडी जाई, म्हातारी येई. संध्याकाळी १७सी फॉर्मवर, म्हणजे यंत्रात किती मतं नोंदली गेली त्या कागदावर, एजंटांच्या सह्या झाल्या, मी माझी प्रत घेतली. शेजारच्या केंद्रावर आमच्या पक्षाची प्रत घ्यायला माणूसच नव्हता. असले कितीतरी बूथ त्या दिवशी पक्षाने नुसते सोडून दिले, कारण माणसं राज्यभर विखुरलेली होती.

गोव्यात हे काम माणसाच्या आवाक्यातलं आहे, हेच तर सांगायचंय. आपला मतदारसंघ साधारण पंचवीस-तीस हजार मतदारांचा. महाराष्ट्रात एका आमदारामागे तीन लाखांवर मतदार असतात, तिथे पैशाशिवाय पान हलत नाही. इथे पाच वर्षांत प्रत्येक दारात दोनदा जाता येतं. रिव्होल्युशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर सांत आंद्रेतून ७६ मतांनी निवडून आले. ७६ मतं म्हणजे एखादा वाडा! आणि २०१७ मध्ये गोवा फॉरवर्डने चारच जागा लढवल्या, तीन जिंकल्या. त्याच निवडणुकीत 'आप'ने ३९ लढवल्या आणि एकही आली नाही.

मतं फोडता असा आरोप होतो, त्याचंही उत्तर यातच आहे. जिथे तुम्हाला हजार-दीड हजार मतं पडणार आहेत, तिथे आरोप खरा असतो. तिथे उभं राहू नये.

निवडून आल्यावरचं दुखणं वेगळं. पक्षांतरबंदी कायद्यात दोनतृतीयांश आमदार गेले तर ते विलीनीकरण ठरतं. २०१९ च्या मार्चमध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदार रातोरात भाजपमध्ये गेले, कायद्याला धक्का लागला नाही. तीन आमदारांचा पक्ष फोडायला दोघांना पटवलं की पुरतं, एकाचा असेल तर एकालाच. म्हणून उमेदवार निवडताना लहान पक्षाने मोठ्यांपेक्षा दसपट कडक असायला हवं, आणि तिकीट नाकारलेले आयाराम तर दारातही उभे करू नयेत. गोवा फॉरवर्डने २०१७ ला भाजपविरोधात मतं मागितली आणि निकालानंतर काही दिवसांत त्याच सरकारात मंत्रिपदं घेतली. पुढच्या निवडणुकीत एक जागा उरली. लोक विसरत नाहीत.

माझ्या ओळखीची काही तरुण मुलं आता पुन्हा विचारायला येतात, या वेळी एजंट म्हणून बसणार का. मी त्यांना म्हटलंय, तुमच्या पक्षाने आधी आठ-दहा मतदारसंघ नक्की करावेत आणि बाकीचे जाहीरपणे सोडावेत. त्यात मडकई नसली तरी चालेल. मी सांत आंद्रेला येऊन बसेन.