पटावरचं एकतिसावं नाव

२७ मार्च. बालाघाटच्या डोंगररांगेतली पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांची देखरेख करणारा, म्हणून त्या दिवशी मला तिथं दोन कामं होती. एक, संयुक्त शाळा अनुदानाची लिमिट, म्हणजे खर्च करता येईल ती मर्यादा, आदल्या संध्याकाळी खात्यावर दिसायला लागली होती, तिचा खर्च ३१ मार्चच्या आत मार्गी लावायचा होता. दुसरं, तिसरीच्या मुलांची वाचन पडताळणी. पैशाचं आणि वाचनाचं कोडं एकाच ठिकाणी सुटेल असं सकाळी वाटलंही नव्हतं. धागा सापडला तो पोषण आहाराच्या नोंदवहीत. त्या दिवसाची तांदळाची नोंद होती ३ किलो १०० ग्रॅम. प्राथमिकला प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धरतात, म्हणजे एकतीस मुलं. अनुदानाच्या आदेशात मात्र पट तीस.

"आज सगळी आलीत सर, एकतीस जेवली," मुख्याध्यापकांनी सांगितलं. हजेरीतही एकतीस होती. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या यादीत तीस, आणि कोणतं मूल वाचनात कुठल्या पायरीवर आहे हे दाखवणाऱ्या अध्ययन स्तर निश्चितीच्या तक्त्यातही तीसच.

एका मुलाचा फरक किरकोळ वाटतो, पण या अनुदानाच्या टप्प्यांमध्ये तो फार महाग पडतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरतं: तीसपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढं एक लाख. तीस मुलांच्या शाळेत एका मुलामागे ३३३ रुपये येतात, एकतीस मुलांच्या शाळेत ८०६, आणि शंभर मुलांच्या शाळेत २५०. शाळेचा खर्च असा उडी मारून वाढत नाही. खडू, वीज, टाकी धुणं, फळ्याचा रंग हे तीस मुलांना जेवढं लागतं तेवढंच एकतीस मुलांना लागतं. ही रचना सुधारायला हवी असं मला मनापासून वाटतं. छोट्या शाळेचं मूळ अनुदान ठरावीक ठेवून वर प्रत्येक मुलामागे रक्कम दिली, तर एका नावावर पंधरा हजार टांगून राहणार नाहीत.

एकतिसावं नाव तिसरीतल्या एका मुलीचं होतं. आईवडील एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, म्हणून दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या आसपास निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. मागच्या वर्षी निघताना वडिलांनी दाखला मागितला आणि शाळेनं तो दिला. इथं पहिली चूक झाली. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा नसतो, शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. पत्रकावर मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि कुठवर शिकलं आहे हे लिहिलेलं असतं. तिकडच्या शाळेनं त्यावर मुलाला बसवून घ्यायचं असतं, आणि मूळ शाळेच्या पटावरचं नाव तसंच राहतं. दाखला दिला की मात्र यू-डायस प्लसवर त्या मुलाची नोंद 'दाखला घेऊन गेले' अशी करावी लागते. मग ते नाव शाळेच्या यादीतून निघून ड्रॉपबॉक्समध्ये जातं. दुसऱ्या शाळेनं पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून ते ओढून घेईपर्यंत ते तिथंच पडून राहतं. फडाजवळच्या शाळेत ती गेली की नाही हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. तिकडं ऑनलाइन नोंद झालीच नव्हती, एवढं खरं.

उन्हाळ्यात ती परत आली, जूनमध्ये तिसरीत बसली. हजेरीत नाव हातानं लिहिलं गेलं. शिक्षिकेनं ड्रॉपबॉक्समधून नाव ओढायचा प्रयत्न केला होता, पण जन्मतारीख जुळत नसल्याचा संदेश आला आणि काम राहिलं. पुढं जुलैत प्रशिक्षण, ऑगस्टमध्ये दुसऱ्या शिक्षकांना मतदार यादीचं काम, आणि दोन वर्गखोल्यांत चार इयत्ता. अशा शाळेत राहिलेलं ऑनलाइन काम राहूनच जातं. यंदा दिवाळीनंतर ती पुन्हा टोळीबरोबर गेली होती आणि आठवड्यापूर्वीच परतली होती.

अनुदान मागल्या वर्षीच्या यू-डायस पटावर आलेलं असल्यानं ते पंधरा हजार गेलेच होते. त्याहून जड गोष्ट दुसरी होती. अध्ययन स्तराचा तक्ता याच ऑनलाइन यादीवरून छापलेला, त्यामुळं त्यात तिच्यासाठी ओळच नव्हती. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुणही यादीतल्या नावांपुढंच भरले जातात. वर्षभरात तिचं वाचन एकदाही तपासलं गेलं नव्हतं. शाळेनं केंद्राला कळवलेली तिसरीची टक्केवारी तिला वगळून काढलेली होती. कोणी मुद्दाम काही लपवलेलं नव्हतं, छापील तक्त्यात होती तेवढी नावं भरली गेली. पण ज्या मुलीचं शिकणं दोन वर्षांत दोनदा तुटलं, तीच पैशाच्या मोजणीतूनही सुटली आणि शिकण्याच्या मोजणीतूनही.

आधी तिची पडताळणी केली. ही पडताळणी वर्गात सगळ्यांसमोर घ्यायची नाही, शेजारचं मूल ओठ हलवतं. व्हरांड्यात, पाठ वर्गाकडं करून बसवायचं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, कारण दुसरी-तिसरीची मुलं पुस्तकातलं पान चित्रावरून ओळखून तोंडपाठ म्हणतात आणि आपण त्याला वाचन समजतो. शंका आली तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो विचारावा, पाठांतर तिथं थांबतं. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा मूल शब्द-शब्द तोडत वाचायला लागलं की शब्दांवर यायचं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर शब्द स्तर, नाहीतर अक्षरांवर उतरायचं आणि तिथंही पाचपैकी चारच बघायची.

तिनं 'विहीर', 'बैल', 'पाऊस', 'चिमणी' हे शब्द न अडखळता वाचले. परिच्छेदात गाडी अडली ती जोडाक्षरांवर: 'प्रकाश'चा 'परकाश', 'स्वच्छ'चा 'सवछ', आणि 'सूर्य'मधला रफार तर तिला दिसलाच नाही. हा दोष तिच्या बुद्धीचा नाही. आमच्याकडं जोडाक्षरांचा मुख्य सराव दुसरीच्या उत्तरार्धात होतो, आणि नेमके तेच महिने ती फडावर असते. दोन्ही वर्षं गेलेले महिने तेच. तोंडी वजाबाकी मात्र हातच्यासह पटापट केली, कागदावर मांडताना एकक-दशकाच्या जागा चुकल्या. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचण्याचं आहे. मराठीत 'शाळेसमोरच्या' हा एकच शब्द मोजला जातो, म्हणून हिंदी वाचणाऱ्या मुलापेक्षा मराठी मुलाला साठ शब्दांसाठी बरीच जास्त अक्षरं ओलांडावी लागतात. घड्याळ लावण्याआधी हे ध्यानात ठेवलेलं बरं. ती अजून घड्याळ लावण्याच्या टप्प्यावर नव्हतीच.

मग दहा हजारांकडं वळलो. यातले किमान दहा टक्के, म्हणजे १,००० स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिलाची थकबाकी ३,६४० रुपये होती, ती न भरता मीटर तुटला तर दूरचित्रवाणी संचही बंद आणि पाण्याची मोटारही बंद. उरले ५,३६०. शाळा व्यवस्थापन समितीनं जुलैच्या सभेत ठराव केलेला होता: गोष्टींची छोटी पुस्तकं, शब्दकार्डं आणि सरावपत्रिकांच्या झेरॉक्स. मार्चमध्ये मात्र तालुक्याच्या एका पुरवठादाराचा माणूस फायबरच्या खुर्च्यांचं तयार दरपत्रक घेऊन शाळेत बसलेला होता.

दरवर्षी मार्चमध्ये बहुतेक शाळा सारख्याच वस्तू का घेतात, याचं उत्तर पैसे देण्याच्या रीतीत आहे. आता रक्कम शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. शून्य शिल्लक खातं असतं, त्यावर फक्त लिमिट असते, आणि वर्ष संपलं की न वापरलेली लिमिट परत जाते. बिल द्यायचं तर आधी पीएफएमएस या सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर विक्रेत्याची नोंद व्हावी लागते आणि बँकेकडून त्याच्या खात्याची पडताळणी व्हावी लागते. ती एका दिवसात होईल याची खात्री नसते, आणि नावातलं एखादं अक्षर पासबुकाशी जुळलं नाही तर अर्ज परत येतो. त्यानंतर मेकरच्या लॉगिननं देयक तयार करायचं, चेकरच्या लॉगिननं मंजूर करायचं, पीपीए, म्हणजे बँकेला पैसे द्यायला सांगणारा कागद, छापून दोघांच्या सह्यांनी बँकेत द्यायचा. पीपीएची मुदत टळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लिमिट मार्चअखेर येते, हातात चार दिवस असतात, म्हणून ज्याची नोंद आधीच झालेली आहे त्याच्याकडंच शाळा जाते आणि त्याच्याकडं जे असेल ते घेते. खुर्च्या वाईट नाहीत. पण खुर्चीमुळं 'प्रकाश' वाचता येत नाही.

इथं शिक्षिकेची दूरदृष्टी कामाला आली. गावातल्या झेरॉक्सवाल्याची विक्रेता म्हणून नोंद त्यांनी डिसेंबरातच करून घेतली होती, लिमिट येण्याची वाट न पाहता. हिशेब असा मांडला: एकतीस मुलं, आठवड्याला दोन पानं, तीस आठवडे, म्हणजे १,८६० पानं. दोन रुपयांप्रमाणे ३,७२० रुपये. पानांचा संच आताच छापून गठ्ठे बांधून ठेवायचा आणि जूनपासून वापरायचा. तारीख मार्चची असली तरी माल वर्षभराच्या कामाचा होतो. उरलेल्या १,६४० रुपयांत त्याच दुकानात मिळणारे जाड कार्डपेपर आणि मार्कर, शब्दकार्डं शाळेतच करायची. पुस्तकांच्या विक्रेत्याची नोंद नव्हती, म्हणून पुस्तकं राहिली. ग्रंथालयाचं अनुदान वेगळं येतं, तिकडं ती मागणी नोंदवली. समितीच्या अध्यक्षांना बोलावून जुलैच्या ठरावाचा क्रमांक बिलावर टाकला. साठा नोंदवहीत पानांचे गठ्ठे इयत्तावार लिहिले. लेखापरीक्षणात 'झेरॉक्स' एवढंच लिहिलेलं बिल हमखास अडकतं, म्हणून पानांची संख्या, दर आणि मूळ सरावपत्रिकेची एक प्रत व्हाउचरला जोडली.

केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या खर्चाच्या नोंदी आणि स्तरांचे तक्ते शेजारी ठेवून मी नंतर पाहिले. जास्त रक्कम मिळालेल्या शाळेत मुलं जास्त वाचतात, असं काही दिसलं नाही. ज्या दोन शाळांत सराव साहित्य दिवाळीआधी मुलांच्या हातात पडलं होतं, तिथली तिसरी पुढं होती. यावरून पैशाची वेळच सगळं ठरवते असं म्हणणं घाईचं होईल. वेळेत साहित्य मिळवणारा शिक्षक बाकी कामंही वेळेत करतो, आणि त्या दोन्ही शाळांत वर्षभर एकही शिक्षक कमी नव्हता. शाळेवरचा सरकारचा खरा मोठा खर्च वेतनाचाच असतो. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिले आहेत. त्यातला एक दोन महिने वर्गाबाहेर राहिला, तर त्याची भरपाई दहा हजारांनी होत नाही, पंचवीस हजारांनीही होत नाही. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं कायद्यातच शिक्षकांवर टाकलेली आहेत. ती कामं किमान एका शाळेतून एका वेळी एकाच शिक्षकाला आणि सलग दिवस न धरता द्यावीत, एवढं तरी तालुक्याच्या पातळीवर जमण्यासारखं आहे.

दुपारी तीनला पीपीए बँकेत पोचला. मग यू-डायस उघडलं, यंदाची माहिती अंतिम करायला दोनच दिवस उरले होते. दाखल-खारीज नोंदवहीतली जन्मतारीख टाकली, नाव उघडलं नाही. दाखल्यावरचीही तीच तारीख होती. मग तिच्या आधारकार्डावरची तारीख पाहिली तर ती १ जानेवारी. जन्माचा कागद नसताना काढलेल्या अनेक आधारकार्डांवर हीच तारीख पडलेली असते. ती टाकल्याबरोबर नाव समोर आलं. इयत्ता तिसरी निवडली, नाव आत घेतलं. तारखेच्या दुरुस्तीसाठी नोंदवहीचा उतारा जोडून वेगळा अर्ज तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडं दिला. दिवाळीआधी निघणाऱ्या मुलांसाठी कोऱ्या शिक्षण हमी पत्रकांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवला, दाखल्यांचं पुस्तक कपाटात गेलं.

स्तराच्या छापील तक्त्याला खाली जागा नव्हती. शिक्षिकेनं पट्टीनं एक ओळ आखली, नाव लिहिलं आणि पुढं तारीख घालून 'शब्द' असं भरलं. सरावपत्रिकांच्या गठ्ठ्यातून जोडाक्षरांची पहिली दहा पानं तिच्यासाठी त्याच दिवशी वेगळी काढली.