लग्न झालेला स्पायडरमॅन

चिनू काल पुस्तक ठेवून गेला आणि पायरी उतरता उतरता म्हणाला, "काकानू, ह्या वाचाच. ह्यातलो स्पायडरमॅन तुमच्यासारखोच आसा."

म्हणजे कसा, ते मी विचारलं नाही. पुस्तकावर छापलेलंच आहे: मॅरिड विथ चिल्ड्रन. हिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाकऱ्या थापायला गेली. हसली असावी. पाठीवरून नक्की कळत नाही.

'अल्टिमेट स्पायडरमॅन', पहिला भाग. लेखन जोनाथन हिकमन, चित्रं मार्को चेकेट्टो. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने याचे अंक जानेवारी २०२४ पासून काढले. यातल्या पीटर पार्करला, म्हणजे स्पायडरमॅनला, शाळेत असताना कोळी चावतच नाही. तो आपला मोठा होतो, मेरी जेनशी लग्न करतो, दोन पोरं होतात, दाढी वाढते, वर्तमानपत्रातली नोकरी चालू असते. कोळी येतो तो हे सगळं होऊन गेल्यावर. जुन्या गोष्टीत मरणारे बेनकाका इथे अजून हयात, मेकाकू मात्र गेलेली. जुनी गोष्ट अशी उलटीपालटी केलेली पाहिली की एरवी मी खूश होतो. काल नाही झालो.

तुमच्यासारखोच.

इथे कुडाळात नवीन काय वाचायचं ते मी सांगायचं, अशी एक पद्धत होती. कोणी नेमलं नव्हतं, पण होती. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक चाकरमान्यांच्या पिशव्यांतून यायचे, गणपतीत आणि मे महिन्यात, तेही शिळे, कोणाचं पहिलं पान गेलेलं तर कोणाचं शेवटचं. शेवटचं पान गेलेला वेताळ, म्हणजे फँटम, वाचून पुढे काय झालं असेल ते मीच पोरांना सांगायचो. इंद्रजाल १९९० ला संपलं. पुढे १९९८ ला रेल्वे आली, मग कुरिअरवाले आले, आणि आता तर अमेरिकेत बुधवारी निघालेल्या अंकाची खबर मला गुरुवारी सकाळच्या चहाबरोबर मिळते. ती मी दुकानात येईल त्याला देतो. गिऱ्हाईक झेरॉक्सला आलेलं असतं, ते ऐकून घेतं. मास्तर तर रोज येतात आणि रोज एकच विचारतात, "वेताळाचा काय नवीन ईला?"

मी त्यांना डीसी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅब्सोल्यूट मालिकेबद्दल सांगत असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा यांनी सुरू केलेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' घ्या. यातल्या ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, पैसा नाही. वाडा नाही, नोकरचाकर नाहीत. बाप मास्तर होता, तो गेला. आई जिवंत आहे. हा स्वतः इंजिनिअर, अंगाने रेडा, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. मास्तर म्हणतात, मग तो बॅटमॅन कसला? मी म्हणतो, मास्तर, दशावतारात काय वेगळं असतं? आख्यान सगळ्यांना पाठ. संकासुर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात, कारण लिहिलेली संहिता नसते, आजचा नट आज काय बोलेल ते कोणालाच माहीत नसतं. मास्तरांना हे पटतं. पटून ते पुन्हा वेताळाचं विचारतात.

तर असा मी. आणि मला एक दहावीतला पोरगा माझ्या वयाला शोभेल असं कॉमिक निवडून देतो!

चिनूच्या हातात पहिलं टिंकल मी ठेवलं. चाचा चौधरी मी दिला. पिंगुळीला चित्रकथी बघायला मीच घेऊन गेलो होतो. ठाकर मंडळी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतात आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतात. पोरगा डोळे फाडून बघत होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, हे बघ, कॉमिकं आपल्याकडे कधीपासून आहेत. तिथल्या चित्रकथीवाल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा तोच धावत सांगायला आला. एवढं सगळं मी केलं. हे लिहिताना जरा रडवं वाटतंय, आणि रडवं वाटतंय याचा राग येतोय.

अलीकडे तो मांगाकडे, म्हणजे जपानी कॉमिकांकडे, गेला. मागून पुढे वाचायची पुस्तकं. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर भाग झालेत, आणि हा त्यातल्या बेटांची नावं ओळीने सांगतो. मी एक भाग मागितला तर म्हणाला, "नको, तुमका खूप मागसून सुरू करूचा लागात." प्रेमानेच म्हणाला. बसमध्ये उठून जागा देतात तसंच ते. दादा गेले त्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी अशी जागा दिली होती. असो.

तुमच्यासारखोच. म्हणजे पोट सुटलेला? म्हणजे हप्ते भरणारा? की ज्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं असा?

रात्री लाईट गेली, झोप येईना, म्हणून बॅटरी लावून वाचायला घेतलं. डास पानांवर बसत होते. चेकेट्टोचं न्यूयॉर्क त्या उजेडातही झकास दिसतं, पण मी अडकलो ते घरातल्या पानांवर. जेवणाचं टेबल, पोरांची कटकट, नवरा-बायकोची अर्धवट बोलणी. पीटरला वाटत असतं की आपलं काहीतरी राहून गेलंय, आणि काय ते सांगता येत नाही. आता हे पंधरा वर्षांच्या पोराला कसं कळलं असेल? त्याला तर मारामारीची पानं आवडली असणार. की त्याने ही पानं वाचून मला ओळखलं? हे जास्तच वाईट.

एका बैठकीत संपवलं. चांगलं आहे, काय करणार. नावडलं असतं तर सोपं होतं. सकाळी पुस्तक परत करताना दोन शब्द सुनावता आले असते.

मग पडल्या पडल्या मास्तरांचा विचार करत राहिलो. त्यांच्या मागे मी 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर' लावलंय. डेनिझ कॅम्प आणि हाविएर रोद्रिगेज यांचं, मार्च २०२५ पासूनचं. त्यातल्या माणसाला दुसऱ्यांचे विचार रंगीत धुरासारखे दिसतात. हल्लीच्या कॉमिकांत रंगाचं इतकं वेडं काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि कोणी काहीही म्हणो, माझं मत बदलणार नाही. पण मास्तरांना मोतीबिंदू आहे. त्यांना बॅटमॅनच बरा. वेताळाला तरी कुठे शक्ती होत्या? मुखवटा, कवटीची अंगठी आणि हा कधी मरत नाही अशी, १५३६ पासून बापाने पोराला चढवलेली एक अफवा. कुऱ्हाडवाला गरीब बॅटमॅन त्याच गल्लीतला. उद्या त्यांना असंच सांगून बघतो. "वेताळासारखोच आसा" म्हटलं की नेतील.

हे लिहून झाल्यावर माझं मलाच हसू आलं. चिनू ही युक्ती कुठे शिकला ते सांगायला नको.

आज संध्याकाळी आला. "कसा वाटला?"

"बरा आहे," मी म्हटलं. दुसरा भाग रात्रीच मागवला होता, ते सांगितलं नाही. तर हिने आतून सांगितलं.

"मगे माका आधी देवा," तो म्हणाला. मी म्हटलं, पैसे मी भरलेत, आधी मी वाचणार, आणि तू दहावीत आहेस, अभ्यास कर.

"बघा," तो हिला म्हणाला, "पीटरय पोरांका अगदी असाच सांगतलो."